टॅन कागदावर ग्वाश: कागद किती सोडायचा?

प्रश्न कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका हौशी चित्रकाराचा आहे. नोकरी सांभाळून रविवारी ते रंकाळ्यावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर चित्रं काढायला बसतात. पांढऱ्या कागदाचा कंटाळा आला म्हणून टॅन, म्हणजे मातकट-बदामी कागदाची स्केचबुक घेतली. रंग शाळेपासूनच्या ओळखीचे, पोस्टर कलर. आता तक्रारी अशा: चित्र मळकट आणि भुरकट दिसतं, पांढरा लावताना झकास वाटतो पण वाळला की बसतो, म्हणजे मंद पडतो, पान वळतं आणि वही मिटली की रंग समोरच्या पानाला लागतो. चांगले ग्वाश, म्हणजे डिंकात बांधलेले अपारदर्शक जलरंग, घ्यावेत, की हा कागदच आपल्या कामाचा नाही, असं त्यांनी विचारलं आहे.

कागद कामाचा आहे. रंगही चालतील, फक्त पांढरा बदला. त्याबद्दल पुढे सांगतो. खरी अडचण तुम्ही दाखवलेल्या पानांवरच दिसते. एकाही पानावर टॅन कागद शिल्लक नाही. आकाश भरलंय, पाणी भरलंय, घाटाच्या पायऱ्या भरल्यात, कोपरेसुद्धा सोडलेले नाहीत. मग जादा पैसे मोजून रंगीत कागद घेतला कशाला?

ही सवय कुठून येते ते सांगायला नको. आपल्याकडे बहुतेकांची पोस्टर कलरशी गाठ पडते ती एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या संकल्पचित्रात. तिथं रंग सपाट बसला पाहिजे, ब्रशचा फटकारा दिसता कामा नये, मधूनच कागद डोकावला की मार्क गेले. आणि निसर्गचित्र म्हटलं की चित्रकार आबालाल रहिमानांच्या या गावात डोळ्यांपुढे येतो तो पांढऱ्या कागदावरचा जलरंग, जिथं कोरा कागद म्हणजेच उजेड. टॅन कागदावर या दोन्ही सवयी आडव्या येतात.

पांढऱ्या कागदावर तुम्ही सगळ्यात उजळ टोनपासून (टोन म्हणजे उजळ-गडदाची पायरी) निघता आणि गडदाकडे जाता. टॅन कागद मधल्या टोनचा. तिथून गडदाकडे आणि उजेडाकडे, दोन्हीकडे वाट आहे, आणि मधला टोन आयताच मिळालेला असतो. म्हणून ब्रश ओला करायच्या आधी एक गोष्ट ठरवायची: आज या दृश्यात कागद म्हणजे काय? कधी तो आकाश असेल, कधी धुळीचा रस्ता, कधी भिंतीची सावलीतली बाजू. ते एकदा ठरलं की त्या जागी रंग लावायचाच नाही. उरलेल्या जागांपैकी कागदाहून गडद किती आणि उजळ किती, एवढाच हिशेब राहतो. डोळे बारीक करून बघा, नाहीतर मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवलवर टाकून दृश्याशेजारी वहीचं कोरं पान धरून बघा. कुठला भाग कागदाएवढा आहे ते चटकन कळतं.

शिकायला सगळ्यात सोपी वस्तू तुमच्या दारातच आहे. नवी, न रंगवलेली कोल्हापुरी चप्पल टॅन पानाशेजारी ठेवा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा रंग आणि हा कागद जवळजवळ एकच. म्हणजे उजेडात असलेला अख्खा तळवा तुम्हाला रंगवायचाच नाही. पट्ट्याची तळव्यावर पडलेली सावली बर्न्ट सायनात (तांबूस तपकिरी) थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) घालून लावा. अंगठ्याच्या आतला अंधार त्याहून गडद. वेणीतली कातड्याची प्रत्येक पट्टी रंगवत बसू नका. दोन पट्ट्यांमधल्या खाचा तेवढ्या बारीक ब्रशने टिपा, वेणी आपोआप उमटते. तळव्याच्या कडेला कातड्याचे थर दिसतात, तिथं एकच गडद रेघ, तीही मध्ये तुटलेली. मग पट्टा जिथं वळतो तिथं उजळ फटकारा, पांढऱ्यात किंचित यलो ऑकर (मातकट पिवळा) मिसळून. एकच. गोंडा असेल तर तांबड्याचा ठिपका. शेवटी जमिनीवरची सावली. एवढं झालं की ब्रश खाली ठेवा. चप्पल पूर्ण दिसते आणि तिचा बराचसा भाग कागदच असतो. हे एकदा हाताखालून गेलं की घाटावर बसल्यावर फार समजावून सांगावं लागत नाही.

त्या सावलीची एक गंमत आहे. नुसता काळा आणि पांढरा मिसळून केलेला राखाडी टॅन कागदावर निळसर दिसतो. कागद नारिंगीकडे झुकलेला असल्यामुळे त्याच्या शेजारी बसलेला राखाडी डोळ्याला उलट बाजूचा, म्हणजे निळा भासतो. म्हणून या कागदावर सावल्यांत बाटलीतला निळा ओतायची गरज फार कमी पडते. तुमच्या रंकाळ्याच्या पानावर पाणी जे प्लॅस्टिकच्या बादलीसारखं निळं दिसतंय ना, ते यामुळेच. पांढऱ्या कागदावर जो निळा बेताचा वाटला असता, तो इथं किंचाळतो.

रंकाळाच घेऊ. संध्याकाळी चौपाटीवरून शालिनी पॅलेसकडे बघितलं की सूर्य पलीकडच्या अंगाला असतो. पॅलेस आणि झाडं मिळून एकच गडद आकार होतो, खिडक्या-कमानी फारशा दिसत नाहीत, आणि त्या काढूही नयेत. आकाशाचा वरचा भाग कागद राहू द्या. पाण्याचा मोठा पट्टाही कागदच. झाडांचा गडद आकार एका दमात भरा, कडा कुठे मऊ, कुठे कडक ठेवा. मग क्षितिजाजवळचा उजेड: पांढरा, यलो ऑकर आणि नखभर तांबडा. पाण्यावरची चमक सगळ्यात शेवटी, कमी पाण्याच्या ब्रशने आडवी ओढून, म्हणजे कागदाचे दाणे मधून दिसत राहतात. चमक सगळ्या पाण्यावर पसरलीत की ती चमक राहत नाही, नुसतं पांढरं पाणी होतं. मोजक्या ठिकाणी द्या.

घाट त्यामानाने अवघड. तिथला काळा दगड बघून हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो आणि पान बघता बघता कोळशागत होतं. पण उतरत्या उन्हात काळा दगडही तापल्यासारखा बदामी दिसतो, जवळजवळ या कागदाइतका. तेव्हा देवळांच्या आणि दीपमाळांच्या उन्हाकडच्या बाजू सोडून द्यायच्या आणि फक्त सावलीच्या बाजू गडद करायच्या. ढगाळ दिवशी मात्र हे जमत नाही. पावसाळ्यातला ओला दगड, करडं पाणी, करडं आकाश यांना टॅन कागद फार ऊबदार पडतो. त्या दिवसांसाठी राखाडी कागदाची दुसरी वही ठेवा. मला विचाराल तर जून ते सप्टेंबर कोल्हापुरात राखाडी कागदच खरा. निळ्या कागदाचा नादही कधी करून बघा. इंग्रज चित्रकार टर्नरने फ्रान्समधल्या नद्यांची चित्रं निळ्या कागदावर ग्वाशमध्ये केली होती, आणि जर्मन चित्रकार ड्यूररचे प्रसिद्ध प्रार्थनेचे हात, १५०८ सालचे, निळ्या कागदावर करड्या आणि पांढऱ्या रंगात काढलेले आहेत. तिथं निळा कागदच मधला टोन आहे आणि बोटांवरचा उजेड तेवढा पांढऱ्याने दिलेला आहे.

आता पांढरा बसतो त्याबद्दल. यात तीन-चार कारणं एकत्र आलेली असतात. एक म्हणजे ग्वाशचा स्वभावच असा की उजळ मिश्रणं वाळल्यावर थोडी गडद होतात आणि गडद मिश्रणं थोडी उजळ. ओल्या पॅलेटवर जुळवलेला टोन कागदावर तसाच राहत नाही. शेवटच्या पानावर मिश्रणाचा एक पट्टा ओढून, वाळू देऊन, मगच मोठ्या भागाला हात घालायचा. दुसरं, तुमचा पांढरा पातळ आहे. पातळ पांढरा गडद कागदावर झाकत तर नाहीच, वर निळसर, आजारी दिसतो. माणसाच्या चेहऱ्यावर असा पांढरा लावला की चेहरा भूत होतो. म्हणून उजेडाच्या पांढऱ्यात ऑकर किंवा थोडा पिवळा हवाच, आणि रंग दाट हवा. तिसरं कारण खालचा थर. ग्वाशमध्ये रंगकण डिंकाने बांधलेले असतात आणि तो डिंक वाळला तरी पाण्याने परत सुटतो. ओल्या ब्रशने तुम्ही वरून दोन-तीन वेळा घासलंत की खालचा तपकिरी उठून पांढऱ्यात मिसळतो. तुम्ही ज्याला मळकट म्हणता त्यातलं निम्मं इथून येतं. वरचा रंग लावताना ब्रशमध्ये रंग भरपूर, पाणी नावापुरतं. एकदा ठेवायचा आणि उचलायचा. पटलं नाही तर पूर्ण वाळू द्या, मग दुसरा हात.

चौथं कारण बाटलीतलं. पोस्टर कलर हा ग्वाशचाच स्वस्त भाऊ, पण त्यात रंगकण कमी आणि भर घालणारी पांढरी भुकटी जास्त असते. त्यामुळे तो वाळल्यावर भुरकट होतो, आणि त्यात पांढरा मिसळला की आणखीच. शिवाय बाटली बरेच दिवस उभी राहिली की रंग तळाला बसतो आणि डिंकाचं पाणी वर येतं. वरवरचा रंग घेतलात तर तो चकाकतो आणि झाकत नाही, तळाचा घेतलात तर बोटाला पुसून येतो. ब्रशच्या मागच्या टोकाने तळापासून ढवळून घ्या, मगच वापरा. गडद तपकिरी, काळा, ऑकर हे पोस्टरचे चालतील. पांढरा मात्र ग्वाशची ट्यूब घ्या आणि ट्यूबवर टायटॅनियम व्हाइट किंवा पीडब्ल्यू ६ (रंगकणाचा सांकेतिक क्रमांक) लिहिलंय का बघा. झिंक व्हाइट, म्हणजे पीडब्ल्यू ४, दुसऱ्या रंगात मिसळायला छान असतो पण तो अर्धवट पारदर्शक; टॅन कागदावर उजेड द्यायला तोकडा पडतो. टोन्ड, म्हणजे अशा रंगीत, कागदावर सगळ्यात आधी संपतो तो पांढराच, त्यामुळे ट्यूब मोठी घ्या.

महागड्या ट्यूब घेताना एक लक्षात ठेवा. ग्वाशला डिझायनर्स ग्वाश म्हणतात कारण तो छपाईसाठी काम करणाऱ्यांचा रंग होता. चित्राचा फोटो काढून झाला की मूळ चित्राचं काम संपलं. त्यामुळे काही झगझगीत गुलाबी आणि जांभळे रंग उजेडात फार टिकत नाहीत. ज्योतिबाच्या गुलालासाठी हात तिकडेच जाणार, माहीत आहे. वहीत मिटलेलं राहणार असेल तर खुशाल वापरा, भिंतीवर लावायचं असेल तर टिकाऊपणाची खूण बघून घ्या. डब्यातले जेलीसारखे रंग मिळतात, ते सरावाला ठीक, पण आपल्या पावसाळ्यात ते लवकर वाळत नाहीत आणि पान चिकट राहतं. अॅक्रिलिक ग्वाश हा वेगळाच प्रकार. तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. खालचा गडद थर त्याने देऊन वर साधा ग्वाश लावणारे बरेच आहेत. चुकीचं काही नाही त्यात, पण त्याचा ब्रश वाळू दिलात तर ब्रश गेला.

पान वळण्याचं कारण साधं आहे. या वह्या मुळात पेन्सिल, चारकोल, पेन यांच्यासाठी केलेल्या असतात. स्ट्रॅथमोर कंपनीच्या टोन्ड टॅन वहीचा कागद ११८ जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आहे. जलरंगासाठी आपण ३०० जीएसएमचा घेतो. एवढ्या पातळ कागदावर जलरंगासारखा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, टाकला तर तो वळणारच. तसाही पारदर्शक वॉश इथं फुकट जातो, कारण त्यातून उजेड परत यायला खाली पांढरा कागद लागतो, टॅन नाही. तेव्हा पाणी कमी. चारही बाजूंना क्लिपा लावा, काम होईपर्यंत काढू नका. मोठा गडद भाग एकदम भरण्याऐवजी तुकड्या-तुकड्याने भरा. थोडं वळलंच तर वाळल्यावर वही मिटून तिच्यावर वजन ठेवा, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी सरळ होतं.

उलट टोकाला जाऊन रंगाचे जाड थापे लावू नका. वहीचं पान दर वेळी उघडताना वाकतं, आणि डिंकाचा जाड थर वाकला की तडकतो. शिवणीजवळ तर हमखास. तिथं बोटभर जागा कोरी ठेवलेली बरी.

समोरच्या पानाला रंग लागतो म्हणता, तर मध्ये बटर पेपर घाला, ग्लासीन (गुळगुळीत, पारभासक कागद) मिळाला तर उत्तम. फिक्सेटिव्हचा (रंग धरून ठेवणारा) स्प्रे मारू नका, उजळ जागा दबतात आणि तुम्ही एवढ्या मेहनतीने वाचवलेला पांढरा परत बसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर वही कपाटात आडवी दाबून ठेवणं धोक्याचं. दमट हवेत डिंक मऊ होतो, पानं एकमेकांना धरतात, आणि ओढून सोडवलीत की रंगासकट कागदाचा पापुद्रा निघतो. रंगाचा डबाही ओला बंद करू नका. डिंकावर बुरशी फार लवकर धरते. घरी आल्यावर झाकण उघडून पंख्याखाली ठेवा. उन्हाळ्यात याच्या उलट. मार्च-एप्रिलच्या दुपारी रंग ब्रशवरच वाळायला लागतो, तेव्हा पॅलेटखाली ओला टिश्यू ठेवायचा आणि पाण्याची फवारणीची बाटली जवळ बाळगायची. बसायचं मात्र सावलीत. उन्हात धरलेलं पान इतकं उजळ दिसतं की तुम्ही सगळंच गडद करत जाता आणि घरी आल्यावर ट्यूबलाइटखाली पान बघवत नाही.

पुस्तकांना कव्हर घालायच्या खाकी कागदाची वही स्वतः शिवावी का, असंही तुम्ही विचारलं होतं. सरावाला जरूर. पोत सुंदर असतो आणि बिघडल्याचं वाईट वाटत नाही. पण त्या कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं, वर्षं गेली की तो काळपट आणि ठिसूळ होतो. जपून ठेवायचं चित्र त्यावर काढू नका. विकतच्या टॅन वहीबद्दल शंका असेल तर एक पट्टी कापा, अर्धी पुस्तकात दाबा आणि अर्धी खिडकीच्या काचेमागे महिनाभर उन्हात राहू द्या. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले की कागदाचा रंग उडतो की नाही ते दिसेल.

एक छोटी सूचना पेन्सिलीबद्दल. पांढरी रंगीत पेन्सिल बहुतेकदा मेणाची असते. तिने आधी उजेड आखून वर ग्वाश लावायला गेलात तर पाणीदार रंग तिथून पळतो. आधी रंग, वाळल्यावर पेन्सिल. आणि फोटो काढताना मोबाइल टॅन कागदाला स्वतःच्या मनाने करडा करतो. चित्राशेजारी साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवून त्यावरून रंग जुळवून घ्या.

तर खरेदी एवढीच: टायटॅनियम व्हाइटची एक मोठी ट्यूब, आणि पैसे उरले तर अल्ट्रामरीन व बर्न्ट सायनाच्या दोन लहान. बाकी बाटल्या आहेत त्याच संपवा. ब्रश गोल, ८ आणि ४ नंबर, शिवाय एक चपटा. त्याहून जास्त घाटावर नेऊ नका. पुढच्या रविवारी फक्त काळा, पांढरा आणि यलो ऑकर घेऊन बसा, दुसरा कुठलाही रंग पिशवीतच नको. आधी पेन्सिलीने कागदाची जागा आखा, तिच्यावर बारीक फुली करा, आणि त्या फुलीच्या हद्दीत ब्रश न्यायचा नाही. उठताना निम्मं पान कोरं दिसत नसेल तर पान उलटा आणि तेच दृश्य परत घ्या, या वेळी छोट्या चौकटीत.